कुठेही चालेल

'घरोघरी मातीच्या चुली' ही म्हण ज्याने रचली, त्याच्या ओळखीत एकच संगणक असणार. तीन भावंडांच्या तीन घरी एकच प्रोग्रॅम चालवायची वेळ त्याच्यावर आली असती, तर त्याने ती म्हण मागे घेतली असती आणि वर दिलगिरीही व्यक्त केली असती.

प्रोग्रॅम तसा अगदी किरकोळ होता. आईला काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी थेंबांच्या तीन बाटल्या दिल्या. लाल टोपणाची दिवसातून तीनदा, निळ्या टोपणाची दोनदा, पांढऱ्या टोपणाची झोपताना. आणि दोन बाटल्या लागोपाठ आल्या तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. औषध आता कायमचं, गेलेली नजर परत येत नाही, तेव्हा चुकवायचं नाही, हे त्यांनी आईकडे न बघता आम्हा तिघा भावंडांकडे बघून सांगितलं. आई एकटी राहते हे कळल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि फक्त "हं" म्हणाले. त्या एका 'हं'वर आईच्या घराला कुलूप लागलं.

निर्णय दादाने दिला. दादा एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि पुराव्याशिवाय तो पाणीसुद्धा पीत नाही. आईने आळीपाळीने एकेक महिना तिघांकडे राहायचं, असं ठरलं. म्हणजे त्याने ठरवलं आणि ताईने मान हलवली. मी मान हलवायच्या बेतात होतो, तेवढ्यात आई म्हणाली, "आणि माझं घर?"

"घर कुठे पळून जातंय?" दादा म्हणाला.

"मी तरी कुठे पळून जातेय? अडचण थेंबांचीच आहे ना? ते वेळेवर पडले की झालं?"

दादाने जरा विचार केला. "तिन्ही घरी एकेक महिना. थेंब वेळेवर, आणि प्रत्येक वेळचा पुरावा. मग तुझ्या घराचं बोलू."

इथे मी तोंड उघडलं. मी एका विमा कार्यालयात आकडेवारीच्या विभागात आहे. कार्यालयातल्या रजांचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम मी लिहिला आहे आणि तो वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो. तिथली सगळी मशीनं एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच जातीची आली होती, ही गोष्ट त्याच्या यशात कितपत मोलाची आहे याचा विचार मी तोवर केला नव्हता. मी म्हणालो, "मी प्रोग्रॅम लिहितो. तो वेळेवर आठवण करील, कोणती बाटली ते सांगेल, घातल्याची नोंद ठेवील. एकदा लिहिला की कुठेही चालेल."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ही नजर मला ओळखीची आहे. बाथरूमचा नळ मी स्वतः बदलणार, असं मी जाहीर केलं होतं, तेव्हाही ती अशीच बघत होती.

बाहेर पडताना आईने मला जिन्यात गाठलं. "नक्की चालेल ना?"

"चालेल."

"कुठेही?"

"कुठेही."

"मग कर बाबा. दुसऱ्याच्या घरी जाग आली की आधी भिंत कुठे आहे ते चाचपावं लागतं. या वयात ते नको वाटतं."

ही बातमी आमच्या इमारतीत कशी पसरली कोण जाणे. पण दुसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले वर आले, बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मोबाईलमध्ये अलार्म का लावत नाही?"

या प्रश्नाला मी पुढे इतक्या लोकांना उत्तर दिलं की ते एकदाच इथे लिहून ठेवतो. आई मोबाईल रुमालात गुंडाळून कपाटात ठेवते, आणि बॅटरी वाचावी म्हणून बंद ठेवते. आम्हाला फोन करायचा असेल तेव्हाच तो बाहेर निघतो. दुसरं असं, की अलार्म वाजतो, पण कोणती बाटली ते सांगत नाही. बँकवाल्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग भिंतीवरचं घड्याळ?"

पहिला महिना माझ्याकडे. आई भली मोठी बॅग घेऊन आली. तिची उशी, तिचा कप, तिचा रेडिओ, तिचं पायाखालचं स्टूल. बॅग मी तीन मजले चढवली आणि दारात टेकलो. माझं मशीन खिडक्यांवाल्या जातीचं, म्हणजे कार्यालयातल्यासारखंच. त्यावर प्रोग्रॅम असा काही चालला की मी स्वतःच अधूनमधून उगाच त्या खोलीत जाऊ लागलो. आधी घंटा. मग माझ्या आवाजात, "शुभ प्रभात, आई. लाल टोपण." मग पडदाभर लाल फुलं. खाली ठळक बटण: 'घातले'. आईने ते दाबलं की वेळेसकट नोंद.

"फुलं कशाला?" बायकोने विचारलं.

"प्रसन्न वाटतं."

"थेंब घातल्यावर त्यांना दिसतं का काही?"

टीका बाजूला ठेवू. महिनाभरात एकही थेंब चुकला नाही. दादाला नोंदी पाठवल्या, त्याचं "ठीक" असं उत्तर आलं. दादाच्या भाषेत हा जवळजवळ सत्कार आहे.

दुसऱ्या महिन्यात आईला दादाकडे पोचवलं. बॅग या वेळी लहान होती. स्टूल आणि रेडिओ माझ्याकडेच राहिले, ती म्हणाली, "त्यांच्याकडे सगळं पांढरं आहे, माझं स्टूल कुठे ठेवू?" दादाचं मशीन सफरचंदवालं. अतिशय देखणं, आणि देखण्या माणसांसारखंच जरा अंतर ठेवून वागणारं. मी माझा पेन ड्राइव्ह लावला, प्रोग्रॅमवर बोट ठेवलं. पडद्यावर एक चौकट आली. वहिनींनी ती मोठ्याने वाचली.

"'हा प्रोग्रॅम अनोळखी व्यक्तीने लिहिला आहे. कचऱ्यात टाकायचा का?'"

सख्ख्या भावाच्या घरी, सख्ख्या आईसमोर. मी म्हणालो, "टाकू नका म्हणावं."

"भावोजी, त्याला तसं सांगायची सोयच दिसत नाही," वहिनी म्हणाल्या. "'टाका' आणि 'नंतर टाका' एवढंच आहे."

मशीन कंपनीचं असल्यामुळे कोणाला ओळखायचं आणि कोणाला नाही, हे कंपनीचा संगणक विभाग ठरवत होता. दादाने रीतसर परवानगी मागितली. दोन दिवसांनी विचारणा आली: प्रोग्रॅमचं प्रयोजन काय? दादाने कळवलं, आईच्या डोळ्यांत थेंब घालण्याची आठवण. पुन्हा विचारणा आली: हे कंपनीच्या कोणत्या कामात बसतं? दादा हतबल झाला. कंपनीतल्या भाषेत तो भल्याभल्यांना नमवतो, पण आई या शब्दासाठी त्या भाषेत रकाना नव्हता. शेवटी उत्तर मी लिहून दिलं: अधिकाऱ्याच्या आईची दृष्टी शाबूत राहिल्यास अधिकाऱ्याचं लक्ष कामावर राहील. हे त्यांना पटलं. परवानगी आली, तीही 'प्रायोगिक तत्त्वावर'.

तोवर वहिनी बाटल्या घेऊन आईच्या मागे घरभर फिरत होत्या, आणि आई रोज रुमालातून मोबाईल काढून मला एकच विचारत होती, "झालं का?"

झालं नव्हतं. परवानगी मिळाल्यावर प्रोग्रॅम उघडला आणि लगेच मिटला. माझ्या मशीनमध्ये सगळं सामान डी नावाच्या कप्प्यात असतं. प्रोग्रॅम बिचारा दारातून आत गेला आणि डी कुठे आहे म्हणून विचारू लागला. "आमच्याकडे डी नसतो," दादा अभिमानाने म्हणाला. "सी?" मी विचारलं. "तोही नसतो." मग कळलं की कप्प्यांच्या नावांमधली तिरकी रेघसुद्धा यांच्याकडे उलटी झुकते. माझ्याकडे ती मागे रेलते, यांच्याकडे पुढे वाकते. एका तिरक्या रेघेपायी रविवारची अख्खी दुपार गेली. संध्याकाळी फुलं उमलली, पण आवाज येईना. माझा आवाज वाजवणारं यंत्रच खिडक्यांवाल्यांच्या घरचं होतं.

"राहू दे ना, भावोजी," वहिनी म्हणाल्या. "माझी मीटिंग चालू असताना तुम्ही मधेच लाल टोपण म्हणणार. नुसती घंटा पुरे."

मी आवाज काढून टाकला, शब्द पडद्यावर लिहून आणले. डी काढला. कप्प्यांची नावं काढली. जिथे उभा असशील तिथेच सामान ठेव, असं प्रोग्रॅमला शिकवलं. मला वाईट वाटलं, विशेषतः आवाजाचं. तो मी चांगला सहा वेळा ध्वनिमुद्रित केला होता. पण त्या दिवसापासून महिना संपेपर्यंत थेंब चुकला नाही. दादाने सुरुवातीचे दिवस 'तांत्रिक अडचण' म्हणून सोडून दिले. बँकवाल्यांना मी ही हकिकत सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी त्यांना समजावलं की आमच्या धंद्यात अंगण खरोखरच वाकडं असतं, आणि प्रत्येक घरचं वेगळ्या बाजूला. ते म्हणाले, "अलार्मला अंगण लागत नाही."

तिसरा महिना ताईकडे. आईच्या हातात फक्त एक कापडी पिशवी होती. उशीही दादाकडे राहिली होती. "झोप लागते तशी," ती म्हणाली.

मेहुणे कॉलेजात विज्ञान शिकवतात. त्यांचं मशीन पेंग्विनवालं, म्हणजे फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर चालणारं. ते त्यांनी स्वतः जोडलेलं आहे, आणि त्याची एक बाजू कायम उघडी असते, कारण केव्हा काय सुचेल सांगता येत नाही. "आपल्याकडे परवानगीबिरवानगी नाही," त्यांनी मला मिठी मारून सांगितलं. "हे सगळ्यांचं मशीन आहे. काहीही चालव."

काहीही चाललं. घंटा वाजली, फुलं आली, आणि 'लाल टोपण' लिहिलेलं असायला हवं तिथे छोट्या छोट्या चौकोनांची रांग आली. आईने चष्मा सरसावून पाहिलं. "हे कोणाच्या घराचे नकाशे?"

आपल्या लिपीतली अक्षरं त्या मशीनवर बसवलेलीच नव्हती. ती बसवता बसवता मेहुण्यांनी मला अक्षरांचा इतिहास सांगितला, सुरुवातीपासून. अक्षरं बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपून ताटं उचलली जात होती, तेव्हा घंटा वाजली आणि पडद्यावर आलं: 'शुभ प्रभात, आई.'

"असू दे," आई मला फोनवर म्हणाली. "त्याला उठायला उशीर झाला असेल."

मी धावत गेलो. मेहुण्यांनी मशीनचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवलेलंच नव्हतं. ते जागतिक प्रमाणवेळेवर होतं.

"बदला ना ते," मी म्हणालो.

"बदलतो. पण मग माझ्या प्रयोगांच्या नोंदी बिघडतात. आणि तत्त्वाचाही प्रश्न आहे. वेळ ही सगळ्या जगाला एकच असायला हवी."

"तुमचं तत्त्व आणि तुमचं मशीन, दोन्ही घेऊन गच्चीवर जा," ताई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आईचा सकाळचा लाल मी आठवणीने घातला म्हणून बरं. नाहीतर दादाला काय सांगणार होतात, जगात सकाळ झाली नव्हती?"

मेहुणे गच्चीवर गेले नाहीत, पण माझ्या डोक्यात उजेड पडला. मशीनला वेळ विचारायचीच कशाला? प्रत्येक घरच्या घड्याळाचं मत वेगळं. त्यापेक्षा सकाळी प्रोग्रॅमने आईला विचारायचं, किती वाजले; आई आकडे दाबून सांगेल; पुढे त्याचं तो मोजत बसेल. 'शुभ प्रभात' काढून टाकलं. ते कोणत्या तोंडाने म्हणायचं हा प्रश्नच होता. चांगला महिनाभर प्रोग्रॅम आईला विचारून वागला, आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे या तीन महिन्यांत तिला विचारून वागणारा तो एकटाच होता.

नोंदी पूर्ण झाल्या. आता आईच्या घराचं बोलणं टाळायला दादाकडे कारण उरलं नाही. पण दादा तो दादाच. "तिथे चालेल का?" त्याने विचारलं.

"कुठेही चालेल," मी म्हणालो, आणि म्हणतानाच मला आठवलं की तिथे बाबांच्या मागे राहिलेलं मशीन आहे.

रविवारी आम्ही तिघं आईला घेऊन तिच्या घरी गेलो. मी कुलूप उघडलं. आईने आत पाऊल टाकताच न बघता उजवीकडे हात नेला, आणि दिवा लागला. मग ती आमच्याकडे वळून म्हणाली, "बसा." तीन महिन्यांत हा शब्द तिने पहिल्यांदाच उच्चारला होता, आमच्या घरी आम्ही तो तिला म्हणत होतो.

बाबांचं मशीन दाराजवळच्या टेबलावर होतं. तेही खिडक्यांवाल्याच जातीचं, पण त्या घराण्यातले पणजोबा. बटण दाबल्यावर ते म्हातारा माणूस खुर्चीतून उठावा तसं टप्प्याटप्प्याने उठलं. पडदा इतका पिवळा पडला होता की लाल, निळं आणि पांढरं यांत भांडण उरलं नव्हतं. फुलांचं निर्माल्य झालं. आपली अक्षरं त्याला ठाऊक नव्हती आणि या वयात शिकायची तयारीही नव्हती. स्पीकर कधीच गेले होते; त्याच्या पोटातून फक्त एक 'टूं' यायचं.

दादा हाताची घडी घालून उभा होता. मी बाही वर केली. फुलं काढली. घंटा काढली. शब्द काढले. ताईने बाटल्यांना चिकटपट्ट्या लावून एक, दोन, तीन असे आकडे घातले. लालला एक टूं, निळ्याला दोन, पांढऱ्याला तीन. आई पलंगाच्या काठावर बसून बघत होती.

"सहा वेळा ध्वनिमुद्रित केला होता म्हणे आवाज," ताई म्हणाली.

"चिकटपट्टी लाव."

सगळं जमलं. आईने 'घातले' दाबून पाहिलं, म्हणजे आता त्या जागी जे काळं बटण उरलं होतं ते दाबलं. पडद्यावर इंग्रजीत आलं: जागा शिल्लक नाही. बाबांनी ती डिस्क जुन्या गाण्यांनी काठोकाठ भरून ठेवली होती. नोंदीचं एक अक्षरही मावेना.

"एक गाणं काढू," मी म्हणालो.

"एकही काढायचं नाही," आई म्हणाली.

मी नोंद पेन ड्राइव्हवर ठेवायचा प्रयत्न केला. मशीन पेन ड्राइव्हवरचं वाचत होतं, पण त्यावर लिहायला साफ नकार देत होतं. मी वेगवेगळ्या वाटांनी गेलो, खिडकीतून गेलो, मागच्या दाराने गेलो. पणजोबा हलले नाहीत.

"म्हणजे नोंद नाही," दादा म्हणाला. "मग थेंब पडले की नाही ते आम्हाला कसं कळणार?"

"नवीन मशीन आणू," ताई म्हणाली.

"हे इथेच राहील," आई म्हणाली.

"मग नाही जमायचं, आई. मी पुराव्याशिवाय तुला इथे ठेवणार नाही. डोळ्यांचा प्रश्न आहे."

"डोळे कोणाचे?"

दादा मागे हटला नाही. त्याचा आवाज खाली आला. "तुझेच. म्हणून तर."

आई उठली आणि टेबलापाशी आली. "तू शाळेतून आलास की मी विचारायची, डबा खाल्लास का. तू हो म्हणायचास. मी कधी डबा हुंगून पाहिला?"

"आई, दादा तो डबा शाळेच्या मागच्या नाल्यात टाकायचा," ताईने सांगितलं.

"माहीत आहे मला. तरी एवढा वाढलाच ना?" मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "ते बटण काढ."

मी दादाकडे पाहिलं. दादा खिडकीबाहेर बघत होता; नाला तिथून दिसत नाही, पण त्या दिशेला. मी बटण काढलं. आता प्रोग्रॅममध्ये काढण्यासारखं काहीच राहिलं नव्हतं. सकाळी रिकामी चौकट दाखवून आईला वेळ विचारणार, आणि दिवसभर टूं करणार. खरं सांगायचं तर, आता तो खरोखर कुठेही चालला असता.

आईने त्याला वेळ सांगितली. थोड्या वेळात टूं झालं. दादा, ताई आणि मी, तिघंही एकदम उठलो आणि बाटलीकडे धावलो.

"बसा," आई म्हणाली. "थेंब माझ्या डोळ्यांत घालायचेत." लगेच तिने स्वतःलाच दुरुस्त केलं. "नाही, बसू नका. जा आता. संध्याकाळ होत आली."

तिने आम्हाला पिशव्यांसकट दाराबाहेर काढलं आणि कडी लावली.

आम्ही गेलो नाही. तिघंही जिन्यात, दाराला कान लावून उभे राहिलो. एका टूंनंतर आता पाच मिनिटांनी दोन टूं व्हायला हवी होती. तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि एक गृहस्थ कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आले. ही कोण मंडळी, म्हणून त्यांनी विचारलं. ताईने कुजबुजत सगळं सांगितलं. ते विचारात पडले.

"मोबाईलमध्ये अलार्म का लावत नाही?"

आतून टूं आलं. मग दुसरं. मग काहीच नाही. दादाने घड्याळ पाहिलं, मग दाराकडे, आणि त्याचा हात हळूहळू बेलकडे गेला.

बेल वाजायच्या आधी आतून, दार न उघडता, आवाज आला.

"घातले. जा आता."